दिव्यनेत्राला सर्दी झाली

सकाळी गिरणीचं शटर वर करायला गेले, तर शटरला टेकूनच माणसं उभी. रांग माझ्या दारावरून, तोफूवाल्या मालसूनच्या दारावरून थेट बाजाराच्या कमानीबाहेर गेलेली. सोलमध्ये किमचीचा, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचा हंगाम, म्हटलं आज चांगली सुरुवात झाली, सगळे मिरच्या दळायला आलेत. पण एकाच्याही हातात मिरच्यांची पिशवी दिसेना.

"ताई, जरा बाजूला व्हा ना," मालसून म्हणाली, "आम्ही दिव्यनेत्रासाठी उभ्या आहोत."

माझ्या शेजारचा गाळा बरेच दिवस रिकामा होता. तिथे कू ताएसॉक नावाच्या सुटाबुटातल्या गृहस्थाने माणसाएवढा चंदेरी डोळा आणून बसवला होता. वर फलक लावलेला: 'सोल सज्ज आहे. तुम्ही आहात का?' समोर बसायचं, चेहरा दाखवायचा. डोळा निळा होऊन आधी तुमचा भूतकाळ सांगणार आणि मग, कृत्रिम बुद्धिमत्ता तुमचा धंदा कधी गिळणार, ते सांगणार. सगळं फुकट!

"बंधुभगिनींनो," कू ओरडत होता, "ज्योतिषी चुकतो, कारण तो माणूस आहे. दिव्यनेत्र चुकत नाही, कारण ते माणूस नाही! अब्जावधी चेहरे पचवलेत याने!"

"ढेकर देतं का?" मी विचारलं.

"आजी, तुमच्यासारख्यांमुळेच शहर मागे राहतं," तो गोड हसून म्हणाला. लोकही हसले, पण माझ्यावर.

विभाग कार्यालयाचे एक अधिकारी, रा साहेब, येऊन फीत कापून गेले होते. भाषणात म्हणाले, भविष्यासाठी सज्ज झालेला शहरातला पहिला बाजार आपलाच. मग काय विचारता!

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. भूतकाळ प्रत्येकाचा वेगळा, पण भविष्य सगळ्यांचं एकच. धंदा बुडणार, गाळा आत्ताच सोडा. आणि गाळा सोडायचे कागद कूच्याच टेबलावर तयार. कुठल्याशा बांधकाम कंपनीला म्हणे इथे मनोरा उभारायचा होता.

शिक्के कोरणारे ग्वाक आजोबा डोळे पुसत बाहेर आले. "माझी बायको शेवटच्या दिवसांत नाशपाती मागत होती, तेसुद्धा त्याला ठाऊक! उद्या रा साहेबांसमोर सही करून टाकतो."

"आजोबा, रांगेत कुणाशी बोललात का?"

"छे! चहा देणाऱ्या बाईशी थोडंसं. फार मायाळू आहे हो."

मी तडक वरच्या मजल्यावर गेले. तिथे कान-नाक-घशाच्या डॉक्टर मिन हेसुक यांचा दवाखाना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पांढरा कोट काढून ठेवला आणि गुपचूप रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मीही मागोमाग. चहावालीपाशी त्यांनी असा काही हुंदका दिला, की मलाच भरून आलं. "माझा मुलगा कॅनडाला गेला, फोनसुद्धा करत नाही हो!"

त्यांची पाळी आली. डोळा निळा झाला. आतून घोगरा, घुमणारा आवाज आला: "तुबचा बुलगा... दूर देशात आहे. तुबचं बद दुःखी आहे."

"अहाहा!" मागची एक बाई पुटपुटली. "देवभाषा!"

"नवी आवृत्ती आहे," कू घाईघाईने म्हणाला. "उच्चार अजून बसायचेत."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या पदराआड हसावं तशा बाहीआड हसतच. "दोन गोष्टी कळल्या. एक, मला मुलगा नाहीच. दुसरी, त्या यंत्राला कडक सर्दी झालीय. म चा ब, न चा द! नाक चोंदल्याशिवाय असं होत नाही. आणि नाक असल्याशिवाय ते चोंदत नाही!"

आम्ही मागच्या बोळात गेलो. कूच्या गाळ्याच्या मागच्या झरोक्याखाली काळ्या नूडल्सचा रिकामा वाडगा ठेवलेला, चाटूनपुसून साफ.

"यंत्राला भूक बरी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्या गिरणीच्या पंख्याकडे बघून विचारलं, "ताई, हा पंखा इकडे वळतो का? जाळीतून जरासा वास गेला तरी पुरे, त्रास नको कुणाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी रा साहेब आले, फोटोवाले आले. ग्वाक आजोबा सहीच्या जागी उमटवायला स्वतःच्या हाताने कोरलेला शिक्का मुठीत धरून डोळ्यासमोर बसले. मी तिखट मिरची गिरणीत ओतली आणि पंखा सुरू केला.

"ग्वाक... तुबच्या बायकोची इच्छा आहे... दुकाद सो... सो..."

"सो काय?" आजोबांनी कान पुढे केला.

"आऽऽक्छी!"

डोळा निळ्याचा लाल झाला. पुन्हा "आक्छी! आक्छी! आई ग्गं!"

"लवकर बरे व्हा," मालसून सवयीने म्हणून गेली.

"सॉफ्टवेअर! सॉफ्टवेअर बिघडलंय!" कू ओरडला.

"बिघडलेलं सॉफ्टवेअर मी रोज तपासते," म्हणत डॉक्टरीणबाईंनी मागचा पडदा सर्रकन ओढला. आत लहानशी खोली. माइक, आवाज बदलणारी पेटी, कानाला यंत्र, आणि नाका-डोळ्यांतून पाणी वाहणारा चाळिशीचा माणूस.

"चहाच्या ट्रेखाली माइक आहे," तो मिरचीने मोकळं झालेलं नाक शिंकरत म्हणाला. "चहावाल्या ताई बोलतं करतात, मी ऐकतो, मग तेच सांगतो. माफ करा, आजोबा."

कूने पळायचा प्रयत्न केला, पण लोकांनी त्याला दारातच अडवलं आणि पोलिसांना बोलावलं. मला वाटलं, आता या माणसालाही मार बसणार. पण आजोबांनी विचारलं, "बाबा रे, असलं काम का करतोस?"

त्याचं नाव यांग गिचोल. "फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचो. मग तिथे खरं यंत्र आलं. आमचा अख्खा मजला घरी बसवला. कुठेच काम मिळेना. शेवटी ही एकच नोकरी मिळाली. यंत्र व्हायची."

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, नाकात औषधाचे थेंब सोडले आणि मग लोकांकडे वळल्या.

"या यंत्राला घाबरून तुम्ही दुकानं सोडायला निघालात. खऱ्या यंत्राने ज्याचं काम नेलं, त्याला मात्र कुणी विचारलं नाही. यंत्र देव नाही, भूतही नाही. माणसं ते बनवतात, माणसं ते विकत घेतात. मग विचारा ना! कुणाचा फायदा, कुणाची नोकरी, चुकलं तर जबाबदार कोण? हे न विचारता मान डोलावतं ते शहर कसलं सज्ज?"

रा साहेब हळूच सटकत होते. आजोबांनी त्यांची बाही धरली. "साहेब, गिचोलसारख्यांसाठी तुमच्याकडे काय तयारी आहे?"

"त्याची... अजून योजना नाही."

"मग 'सज्ज आहे' असा फलक कसा लावू दिलात?"

शेवटी साहेबांनी सर्वांदेखत काम गेलेल्यांसाठी सभा बोलवायचं कबूल केलं. ती सभा झाली, भांडणं झाली, थोडंफार पदरातही पडलं. गिचोल तिथे स्वच्छ, मोकळ्या आवाजात बोलला.

तुमच्याही गावात, शहरात असे डोळे येतील. काही खोटे असतील, काही अगदी खरे. नमस्कार करायच्या आधी एकदा मागच्या बाजूला जाऊन बघा. तिथे कुणीतरी माणूस असतोच. राबणारा असेल तर त्याची विचारपूस करा, आणि कमावणारा असेल तर त्याला जाब विचारा.