घरचा काटा

“अहो, लवकर या! आणखी उतरलं!” बायकोने वजनकाट्यावरूनच हाक मारली.

तोंडात ब्रश तसाच ठेवून तो धावला. काटा गेल्या रविवारपेक्षाही खाली होता. बायको हरखून गेली होती. तो मात्र वाकून आकडा पुन्हा वाचू लागला.

बिस्किटांच्या कारखान्यात तो काटे दुरुस्त करायचा. तुटकी बिस्किटे तिथे फुकट मिळत. ती तो पिशवी भरून घरी आणी, आणि बायको एकीकडे डाएट करत दुसरीकडे त्या पिशवीचा फडशा पाडी. वजन काही ढिम्म हलेना. एका रविवारी ती काट्यावरून उतरून ढसाढसा रडली. त्याला ते बघवेना. तिची पाठ वळताच त्याने काटा उलटा केला आणि आतला स्क्रू जरासा पिळला. रिकामा असताना काटा शून्यावर, माणूस चढला की किलोभर कमी. नोकरीत कधी मापात पाप केले नाही, ते त्याने घरात केले.

बायको गुणगुणू लागली. तसेही उतरतेय म्हणून बिस्किटांवर आणखीच ताव मारू लागली. काटा उतरतच राहिला. स्प्रिंग ढिली पडली असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. तिची अंगठी बोटातून घसरून पिठाच्या डब्यात सापडली. ती पाण्याचे जगच्या जग रिकामे करू लागली, रात्री चारचारदा लघवीला उठू लागली. न्हाणीघरात मुंग्या लागल्या, कितीही धुतले तरी परत येत. लाकडी जिना तिच्या पावलांखाली करकरेनासा झाला. ती मागे येऊन उभी राहिली तरी त्याला कळत नसे, आणि वळून पाहिले की तो दचके.

काल त्याने गुपचूप स्क्रू होता तसा केला. आज काटा वर चढायला हवा होता.

त्याने कामाच्या हत्यारांची पिशवी उघडली, तपासणीची लोखंडी वजने काट्यावर मांडली. आकडा तंतोतंत जुळला. पुन्हा मांडली. पुन्हा जुळला.

“बिघडलाय का हो?” हातातले बिस्किट तसेच धरून तिने विचारले.

हो म्हणणे किती सोपे होते!

“काटा बरोबर आहे,” तो म्हणाला. “चप्पल घाल. डॉक्टरकडे जाऊ.”

“आत्ता? इतकं छान चाललंय की!”

मग त्याने स्क्रूचे सगळे सांगून टाकले. सांगताना त्याला तिच्याकडे बघता आले नाही.

“म्हणजे माझं वजन उतरलंच नव्हतं?”

“तेव्हा नव्हतं,” तो म्हणाला. “आता उतरतंय.”

तिने काट्याकडे पाहिले. मग हातातले अर्धे बिस्किट बिस्किटांच्या पिशवीत परत टाकून तिने चप्पल घातली.

जिन्यात ती पुढे होती, तो मागे. पायऱ्या करकरत होत्या त्या फक्त त्याच्या पायाखाली.