सिंकमध्ये पडलेल्या गोळ्या

“यावर तुझा विश्वास बसायचा नाही,” असं बजावूनच थोरल्या सिस्टर जेवणाचा डबा उघडायच्या. आजही तसंच. समोर दवाखान्यात नव्याने लागलेली सिस्टर, दाराशी पाय पसरून सफाईवाल्या मावशी.

“अगं, दोन वर्षांपूर्वी आपल्या या औषधांच्या खिडकीवर रणकंदन चालायचं. एकाने तर मला काउंटरसकट उचलून चौकात नेऊन ठेवलं. मी तिथेही चिठ्ठ्या लिहीतच होते.”

“काहीतरीच तुमचं,” नवी हसली.

चौक सोडला तर बाकी खरं होतं. वेदनेच्या गोळ्यांसाठी शिव्या, धमक्या, एकदा दगडही. मग नियम आले. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या एकदम, ठरलेल्या वारीच; आधी एकही नाही. अडचण वाटली तर डॉक्टरांना विचारायचं. खिडकी निवली. सिस्टर बसून जेवू लागल्या, पाचच्या ठोक्याला घरी जाऊ लागल्या. लवकर येणाऱ्यांच्या थापा त्या कपाटाच्या दाराआड लिहून ठेवायच्या: कुत्र्याने खाल्ल्या, सुनेने फेकल्या, सिंकमध्ये पडल्या. प्रत्येकीपुढे रेघा. सिंकने सगळ्यांना मागे टाकलं होतं.

“तर एका सोमवारी आपले शिंपीकाका आले. कणा कामातून गेलेला, सहा वर्षं गोळ्यांवर. म्हणे, सिंकमध्ये पडल्या.”

“मग?”

“मग काय, मारली रेघ. म्हटलं, काका, आता गुरुवारी. याहून भारी थापा पचवल्यात मी.” तोंडाशी नेलेला घास सिस्टरनी परत ठेवला. “म्हणजे, डॉक्टरांना विचारलं हं आधी. तेच नको म्हणाले.”

डॉक्टर त्या सोमवारी शेजारच्या खोलीतच होते, दार नुसतं लोटलेलं; सिस्टरनी ते ढकललं नव्हतं. पाचाला चार मिनिटं कमी होती. इतक्या वर्षांची गोळी एकदम तुटली की अंगाचं काय होतं, हे सिस्टरना पाठ होतं.

“आणि ऐक तर. गुरुवारी काका ताठ चालत आले. म्हणाले, तीन दिवस तळमळलो, पण सुटलो बघ तुझ्यामुळे. वर माझ्यासाठी एप्रन शिवून आणला. माप न घेता. तंतोतंत बसला.”

“अय्या, दाखवा ना. कुठेय?”

सिस्टर डब्याला झाकण लावू लागल्या. ते बसेना.

“ताई,” मावशी फरशीकडे बघत म्हणाल्या, “गुरुवारी काका नव्हते आले. त्यांची लेक आली होती, मृत्यूचा दाखला घेऊन. रजिस्टरातलं नाव तुम्हीच खोडलंत.”