आवाज येऊलालाय का

आमच्या घरात सिमेंट कमी आणि लोखंड जास्त आहे. चेष्टेनं म्हणते, पण खोटं नाही. लातूरला घर बांधलं तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हणमंतरावांनी, स्वतः उभं राहून सळया बांधून घेतल्या. मागची खोली तर नुसती तिजोरी. चारी भिंती काँक्रीटच्या, खिडकी एवढीशी. "काय बी झालं तरी ह्या खोलीला धक्का न्हाई," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुणे चहा पिता पिता माना डोलवायचे. ती खोली मुलीला दिली, वर्षाराणीला.

ह्यांचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. भूकंपात दगडमातीच्या घराखाली आई आणि धाकटी बहीण सिंधु गेल्या. माझं माहेर नांदेड, लग्न त्यानंतरचं, त्यामुळं मला हे ऐकून माहीत, आणि तेही एकदाच. आई जागीच गेली. सिंधु मात्र ढिगाऱ्याखालून बोलत होती. "दादा, आवाज येऊलालाय का?" हे वरून ओरडायचे, "येऊलालाय, येऊलालाय," आणि हातानं दगड उपसायचे. दुपारनंतर तिनं विचारायचं थांबवलं. एवढं सांगून ह्यांनी पाणी मागितलं आणि ते पिऊन झोपले.

आम्ही माहेरी "येऊ लागलाय" म्हणतो. लग्नानंतर ह्यांचं "येऊलालाय, जाऊलालाय" ऐकून मला हसू यायचं. त्यांच्या तोंडून सिंधुचं ऐकल्यापासून त्या बोलण्यावर मी कधी हसले नाही.

वर्षाराणीही लहानपणी तसंच बोलायची. डॉक्टरकीच्या क्लासला घातलं आणि तिची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली. परीक्षा दिली, मार्क कमी पडले. आमच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरावर कुठल्या ना कुठल्या क्लासचा बोर्ड आहे, त्यामुळं कमी पडले म्हणजे किती, हे विचारायला माणसं घरापर्यंत येतात. पुन्हा परीक्षा द्यायची ठरली, पण धाकट्या पोरींशेजारी बसायला ती तयार होईना. मग घरूनच मोबाईलवर क्लास लावला. ती मागच्या खोलीत गेली, आतून कडी लावली आणि बोलायची बंद झाली. ताट दारात ठेवायचं, रिकामं उचलायचं. सुरुवातीला मी रडले. मग तेही संपलं. भाजी चिरताना बोट कापलं तरी मला कळायचं नाही, पोळीला लाल लागलेलं दिसलं की कळायचं.

एक दिवस ती बाहेर आली ती बॅग भरूनच.

"मी मामाकडं नांदेडला जाते. इथं नेट धड येत नाही. सर मला प्रश्न विचारतात आणि माझा आवाजच जात नाही."

नांदेडला माझा भाऊ भागवत राहतो. त्याच्या घराच्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपण मोजाव्यात. तिथं नेट येणारच. पण ही गेली तर परत यायची नाही, हे मला कळत होतं. मी म्हटलं, दोन दिवस थांब, जावेदभाईला बोलावते.

जावेदभाईचं गंजगोलाईजवळ दुकान आहे, कॅमेरे आणि वायफाय बसवतो. मोबाईल हातात धरून तो सगळ्या घरातून फिरला. हॉलमध्ये रेंज फुल, स्वयंपाकघरात निम्मी, मागच्या खोलीच्या दारात जवळजवळ शून्य.

"भाभी, वायफायचा डबा चांगला हाय. त्याच्यात खोट न्हाई," तो म्हणाला. "हा डबा लहरी सोडतो. विटेच्या भिंतीतून त्या जातात, थोड्या कमी होतात एवढंच. काँक्रीट आन् लोखंड आलं की अडकल्या. ह्या खोलीत तर किल्ला बांधलाय तुम्ही."

"मग?"

"भिंतीला एक भोक पाडू. हॉलमधून वायर आत घेऊ, तिथं दुसरा छोटा डबा बसवू. मग आत बिनवायरचं चालंल. मोबाईल, लॅपटॉप, प्रिंटर, समदं एका वक्ताला. आवाज बी तुटणार न्हाई."

"भिंतीला हात लावायचा न्हाई," हे खुर्चीतूनच म्हणाले.

"भाईसाब, बोटाएवढं भोक..."

"न्हाई म्हणलं ना."

जावेदभाईनं माझ्याकडं पाहिलं. मी ह्यांच्याकडं. माझा ह्या माणसावर इतका राग होता की तो बाहेरही येईना. ज्या भिंतीनं पोरगी वाचवायची, तिनंच ती गाडली होती, आणि हा माणूस भिंतीची बाजू घेत होता. मी चहा टाकायला उठले.

चहा उकळत होता तेव्हा तिचा क्लास सुरू झाला. आतून पुस्तकी आवाज येऊ लागला. "सर, आवाज येतोय का? हॅलो सर, माझा आवाज येतोय का?" थोडं थांबून पुन्हा तेच. मग पुन्हा. एरवी ह्या वेळी हे बाजारात असतात, त्यांनी तिचं हे विचारणं कधी ऐकलंच नव्हतं. मी रोज ऐकत होते आणि गॅस बारीक करत होते.

मी कप घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी. हे मागच्या खोलीच्या भिंतीपाशी उकिडवे बसले होते, तळहात भिंतीला टेकलेला. आत ती विचारतच होती.

"हितं मारा," ते जावेदभाईला म्हणाले. "हितं सळई न्हाई. मीच बांधून घेतल्यात."

ड्रिल सुरू झालं. पांढरी धूळ ह्यांच्या डोक्यावर, मिशीवर पडत राहिली, ते हलले नाहीत. पाहिलं तर ज्या हातांनी दगड उपसले होते, ते हात मांडीवर उलटे पडले होते. अखेर पातं आरपार गेलं. जावेदभाईनं ते ओढून घेतलं आणि वायर आणायला पिशवीकडं वळला. घर एकदम शांत झालं.

भोकाच्या पलीकडं काहीतरी हललं. मग तिचा आवाज आला, अगदी जवळून, इस्त्री मोडलेला.

"पप्पा? आवाज येऊलालाय का?"

मला वाटलं, हे म्हणतील, येऊलालाय. त्यांनी तोंडही उघडलं. पण ते भिंतीला धरून उठले, दारापाशी गेले.

"कडी काढ," ते म्हणाले.

आतून कडी निघाली. हे आत गेले. मी दारात पोचले तेव्हा त्यांनी तिला दोन्ही हातांनी दंडाला धरून उभं केलं होतं, कुठून तरी ओढून काढल्यासारखं, आणि तिच्या केसांतली धूळ झटकत होते. ती रडत होती. मी दाराच्या चौकटीला टेकले, आणि कितीतरी महिन्यांनी माझं सकाळी कापलेलं बोट दुखायला लागलं.

टेबलावर मोबाईल तसाच होता. दार उघडं राहिल्यामुळं असेल, रेंजची एक काडी आली होती.

"हां वर्षाराणी, आता येतोय आवाज," सर म्हणत होते. "बोला."