दीडवरची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी सिरिंज आहे. बिनसुईची. सुई नाही म्हणून लहान मुले मला घाबरत नाहीत, आणि सुई नाही म्हणूनच मोठी माणसे मला खरी सिरिंज मानत नाहीत. नाबोरकाका मला पिचकारी म्हणतात, त्यांची मेहुणी ओर्फिलिया नळी म्हणते. मी नक्की कोण, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कोणत्या देशात, ते ठाऊक नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी, आत पांढरा दट्ट्या आणि अंगावर काळ्या बारीक रेघा. अर्धा, एक, दीड असे करत तीनपर्यंत आकडे. मग मला औषधाच्या एका बाटलीशेजारी खोक्यात झोपवले. खोके उघडले तेव्हा मी अंतिओकिया प्रांताच्या डोंगरातल्या एका छोट्या गावात, नाबोरकाकांच्या स्वयंपाकघरात होते. चुलीवर आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, भाजली जात होती आणि गुळाच्या पाण्याला उकळी आली होती.

औषध होते दिओसेलिनामावशींसाठी. नाबोरकाकांची ही बायको गावच्या टेलिफोन ऑफिसात वीस वर्षे लोकांचे फोन जोडून देत बसली होती. नुसत्या आवाजावरून ती माणूस ओळखायची. कोण कुणाशी काय बोलले, ते तिने कधी बाहेर पडू दिले नाही. पन्नाशी उलटली आणि तिचा विसरभोळेपणा वाढू लागला. आधी किल्ल्या, मग शेजारणींची नावे, मग घरचा रस्ता. तिच्या आईचे असेच झाले होते, मामाचेही. गावात कुणाला फारसे आश्चर्य वाटले नाही. नाबोरकाकांनी मात्र मेदेयिन शहरातल्या डॉक्टरांकडून औषध आणले. "बरं होणार नाही, पण आजार जरा सावकाश चढेल," असे डॉक्टर म्हणाले होते.

पहिल्याच दिवशी आरोग्य केंद्रातली नर्स यानेत घरी आली. तिने डॉक्टरांचा कागद आणि मला शेजारी शेजारी ठेवले.

"काका, इकडे लक्ष द्या. डॉक्टरांनी तीन लिहिलंय ते मिलिग्रॅम. या नळीवर आहेत ते मिली. या बाटलीतलं तीन मिलिग्रॅम म्हणजे नळीवर दीड."

"म्हणजे तीन म्हणजे दीड?"

"या औषधापुरतं, हो."

"आमच्या खोगिराच्या दुकानात असली मापं धरली तर गाढवाचं खोगीर घोड्याला बसेल, पोरी."

यानेत हसली नाही. तिने पुन्हा सांगितले. दट्ट्या पूर्ण आत ढकलायचा, मग नळी बाटलीच्या तोंडात बसवायची, औषध हळू ओढायचे. बुडबुडे दिसले तर बाहेर काढायचे. रेघ डोळ्यांसमोर धरून बघायची. सकाळी न्याहारीबरोबर आणि संध्याकाळी जेवणाबरोबर, उपाशीपोटी नाही. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचे नाही. काही दिवस खंड पडला तर फोन केल्याशिवाय पुन्हा सुरू करायचे नाही.

नाबोरकाकांना चष्म्यातूनही माझ्या रेघा अंधुक दिसत. त्यांनी मावशींची नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली शोधली आणि माझ्या अंगावर दीडच्या जागी एक रेघ ओढली. मला ती फार आवडली. पण माझा गोंधळ काही मिटला नाही. कागदावर तीन, अंगावर दीड, आणि दोन्ही म्हणे एकच.

सहा महिने सुरळीत गेले. सकाळी काका मला लाल रेघेपर्यंत भरायचे, मावशींच्या ओठांशी धरायचे. औषध पोटात गेले की मला पुसून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचे. "ही पिचकारी आहे म्हणून माझं निभतंय," असे ते शेजाऱ्यांना सांगत, तेव्हा मला आपण कुणीतरी असल्यासारखे वाटे.

मग ओर्फिलिया राहायला आली. ती मावशींची धाकटी बहीण. बहिणीची आबाळ होते आहे असे कुणीतरी तिच्या कानावर घातले होते. ती कामाला वाघ होती. दोन दिवसांत तिने पडदे धुतले, घेवड्याच्या डब्यातले खडे वेचले आणि नाबोरकाकांच्या प्रत्येक कामात एक चूक काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका एक खोगीर पोचवायला गावाबाहेरच्या मळ्यावर गेले. जाताना दारातूनच म्हणाले, "आल्यावर बघतो तिचं." काय बघतो, ते बोलले नाहीत.

ओर्फिलियाने बहिणीला आरेपा आणि चीज भरवले. मग डॉक्टरांचा कागद उघडला, मला हातात घेतले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, बघ तरी. कागदावर तीन, आणि दाजींनी खूण केलीये दीडवर. औषध पुरवून पुरवून वापरतायत वाटतं."

"कोण दाजी?" मावशी म्हणाली.

"तुझा नवरा गं."

"माझं लग्न झालंय?"

ओर्फिलियाने डोळे पुसले. मग तिने मला लाल रेघेपर्यंत भरले आणि बहिणीच्या तोंडात रिकामे केले. पुन्हा भरले आणि पुन्हा रिकामे केले. दीड आणि दीड, तीन. तिचा हिशेब चोख होता. मला तर तो बरोबरच वाटला. चूक कुठे आहे हे मला दिसत होते की नव्हते, ते आजही सांगता येत नाही. तिने मला स्वच्छ धुतले, पुसले, वरच्या फळीवर ठेवले आणि ती बाजाराला गेली.

अर्ध्या तासात नाबोरकाका परतले. मावशी खिडकीशी बसली होती.

"औषध घेतलंस?"

"नाही बाई. मला कुणी काही दिलंच नाही. भूक लागलीये."

ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी ती सकाळ झालीच नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिले. मी धुतलेली, कोरडी, जागच्या जागी. माझ्याकडे बघून कुणाला काय कळणार? त्यांनी तिला उरलेली आरेपा दिली, मला भरले आणि रिकामे केले. एका सकाळी मी तीनदा भरले गेले, आणि हे त्या घरात फक्त मला माहीत होते.

दुपार व्हायच्या आत मावशीला उलट्या सुरू झाल्या. ओर्फिलिया म्हणाली, चीज शिळे असेल. काका म्हणाले, गुळाचे पाणी फार झाले. मग ती घामाने भिजली, उठायला गेली आणि दारापाशी कोसळली. काकांनी यानेतला फोन केला.

"तिला कुशीवर झोपवा. मी जीप पाठवते. आणि येताना बाटली, कागद आणि ती नळी, तिन्ही घेऊन या," यानेत म्हणाली.

ओर्फिलियाने मला एप्रनच्या खिशात कोंबले.

गावच्या दवाखान्यात मावशीला सलाइन लावले. एक तरुण डॉक्टरीण मनगट धरून घड्याळाकडे बघत होती. "नाडी फार मंद चाललीये. आज औषध किती गेलंय पोटात?"

"नेहमीचंच. एक वेळचं," काका म्हणाले.

ओर्फिलियाचा हात खिशात माझ्यावर घट्ट मिटला. "तुम्ही दिलंत? मी दिलं होतं ना."

"तू कधी दिलंस?"

"तुम्ही खोगीर घेऊन गेलात तेव्हा."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? येताजाता माझ्याशी बोलता तरी का तुम्ही?"

"माझ्या घरात येऊन मलाच..."

"माझी बहीण आहे ती."

दोघांचेही आवाज चढले. डॉक्टरीण काही विचारत होती, ते कुणालाच ऐकू येत नव्हते. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. मावशीचे डोळे मिटलेले होते, पण आवाज खणखणीत, ऑफिसातला होता.

"लाइनवर दोघं आहेत. एका वेळी एकानेच बोला, नाहीतर मी जोडणी तोडते."

डॉक्टरणीने ओर्फिलियाकडे बोट केले. "आधी तुम्ही."

"मी दोनदा भरली. लाल रेघेपर्यंत." ओर्फिलियाला रडू फुटले. "कागदावर तीन होतं. मला वाटलं दाजी कमी देतात."

"आता तुम्ही, काका."

"मी एकदा. तिला विचारलं, ती नाही म्हणाली."

"तिला विचारलंत," डॉक्टरीण हळूच म्हणाली. एवढेच. काकांनी टोपी काढून हातात घेतली.

डॉक्टरणीने मला दिव्यासमोर धरले, रेघ पाहिली आणि तीनदा दीडचा हिशेब केला. किती औषध गेले ते कळल्यावर काय करायचे तेही तिला कळले. मावशी दोन दिवस तिथे राहिली. वाचली.

घरी परतल्यावर यानेतने जुना कागद नेऊन डॉक्टरांकडून नवा लिहून आणला. त्यावर मोठ्या अक्षरांत दीड मिली असे होते आणि मिलिग्रॅमचा आकडा खाली कंसात गेला होता. भिंतीवर एक तक्ता लागला. सकाळी काकांनी द्यायचे, संध्याकाळी ओर्फिलियाने, आणि दिल्या दिल्या सही करायची. सही असेल तर दिले, नसेल तर आधी एकमेकांना विचारायचे. मावशीला विचारायचे नाही. ओर्फिलिया कायमची तिथेच राहिली. भांडणे थांबली नाहीत, पण औषधावरून पुन्हा झाले नाही.

मित्रांनो, माझे दिवस मात्र भरत आले होते. धुऊन धुऊन माझे आकडे पुसट झाले. आधी अर्धा गेला, मग एक. लाल रेघेचे टवके उडाले. एकदा यानेतने मला उजेडात धरले आणि म्हणाली, "काका, ही आता औषधाला नको. हिला काही सांगताच येत नाही." नवी सिरिंज आली. मला वाईट वाटले, पण ती खरे बोलत होती. काकांनी माझ्याभोवती काळ्या चिकटपट्टीचा वेढा दिला, औषधाच्या नळीशी गल्लत होऊ नये म्हणून, आणि मला खोगिराच्या दुकानात नेले. तिथे मी चामड्याच्या शिवणीत तेल सोडते. इथे कुणी आकडे विचारत नाही. तेलाचे माप काका अंदाजाने घेतात. हे सुख आहे की अपमान, ते मला ठरवता आलेले नाही.

मावशी दुपारी दुकानात येऊन बसते. आता ती काकांना ओळखत नाही. कधी त्यांना गिऱ्हाईक समजते, कधी टपालवाला. डॉक्टरांनी तिचे औषधही बंद केले आहे. त्याचा आता उपयोग नाही, म्हणाले. नवी सिरिंज कपाटात पडून आहे असे ऐकते.

परवाची गोष्ट. काका एका शिवणीवर वाकले होते. त्यांनी तेल भरून मला उचलले आणि मावशीने ते पाहिले. तिने पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि तोंड उघडले. कोण समोर आहे, नळीत काय आहे, काही न विचारता. तशीच थांबून राहिली.

काकांनी मला लांब ठेवले. हात पुसले, पुन्हा पुसले. मग खणातून पेरूची वडी काढली, तिचा बारीक तुकडा केला आणि तिच्या जिभेवर ठेवला. ती बराच वेळ चघळत राहिली.

"आजचं औषध बरं आहे," ती म्हणाली. "तुम्हीच देत जा."

काकांनी वडीचा आणखी एक तुकडा केला.

मित्रांनो, मी तीनदा भरले गेले तो दिवस आणि हा दिवस, दोन्ही मला नीट समजलेले नाहीत. एवढे कळले की नळी हातात असलेल्या माणसासमोर मावशी तोंड उघडते. म्हणून तुमच्या घरी कुणी असे विसरत चालले असेल, तर औषध भरण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा. आणि दिल्यावर लिहून ठेवा. मला बोलता येत नाही.