खांद्यावरचा वास

"बागा पाहाले जाऊन राहिलो म्हणता, अन् राखी म्हणते दारूचे कारखाने हायेत थे. खरं काय?"

शकुंतलाबाईंनी हे विचारलं तेव्हा मधुकरराव बॅगेत चिवड्याचे पुडे कोंबत होते. त्यांचा हात थांबला. तो थांबलेला हात बाईंनी बरोबर पाहिला.

"अवं, बागाच हायेत. बागेच्या मांगं कारखाना हाय. एवढ्या द्राक्षाचं दुसरं काय करतीन थे लोकं?"

"मंग आधी काहून नाई सांगतलं?"

"तू आली नसती म्हणून."

"मी नसती आली तं सोयीचंच झालं असतं ना तुमाले!"

मधुकररावांनी चिवडा कोंबायचं काम पुढे सुरू केलं. भांडणात गप्प बसणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं शकुंतलाबाईंचं जुनं मत होतं.

अड्याळच्या बाजारात मधुकररावांचं कृषी केंद्र. यंदा धानाचं बियाणं भरपूर खपवलं म्हणून बियाण्याच्या कंपनीने त्यांना आणि जिल्ह्यातल्या आणखी काही दुकानदारांना जोडीने जॉर्जिया दाखवायचं ठरवलं होतं. नवरा आपणहून बायकोला परदेशी चल म्हणतो, यातच बाईंना कुठंतरी पाणी मुरताना दिसत होतं. त्यात सोबत येणाऱ्या लाखांदूरच्या दुकानदाराच्या, धर्मेंद्रच्या बायकोने, राखीने, फोनवर सगळा कार्यक्रमच वाचून दाखवला. मग काय, बाईंनी नेसायच्या साड्यांच्या आधी डोळ्यांत तेल घातलं.

तसा संशय त्यांच्या स्वभावात नव्हता. तो वडिलांकडून पदरात पडला होता. गोमाजी वैनगंगेकाठचे नावाजलेले शेतकरी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, पुनर्वसनात सिमेंटचं घर मिळालं आणि एवढा मोठा माणूस मोहाच्या दारूत बुडाला. नातीच्या, म्हणजे शकुंतलाबाईंच्या भावनाच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला, ते पिऊन आले आणि पाहुण्यांच्या पंगतीतच आडवे झाले. शकुंतलाबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "बाबा, या घरात पुन्हा पाय नोका ठेवू." गोमाजींनी खरंच पुन्हा पाय ठेवला नाही. बाई त्यांना भेटायला गेल्या त्या थेट तिरडी बांधली तेव्हाच.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्याच वर्षांत मधुकरराव बाजाराच्या दिवशी उशिरा घरी यायला लागले आणि त्यांच्या सदऱ्याला मोहाचा वास यायला लागला. "गिऱ्हाईक चिटकून बसलं होतं," म्हणायचे. बाई त्यांचं तोंड हुंगायच्या, तर तोंडाला खर्ऱ्याचा, सुपारी-तंबाखूचा वास. म्हणजे पितात आणि वर खर्रा खाऊन लपवतात! बाईंनी शनिवार धरले, अबोला धरला, चारचौघांत "बेवडा" म्हणून झालं. पुढे तो वास एकाएकी बंद झाला. बाईंना वाटलं, उपास फळाला आले. हुंगायची सवय मात्र राहिली.

विमानात हवाईसुंदरी पेले घेऊन आली, तेव्हा शकुंतलाबाई नवऱ्याच्या आणि तिच्या मध्ये भिंतीसारख्या बसल्या होत्या.

बागा मात्र खरंच होत्या. नजर पोचेल तिथवर द्राक्षाचे वेल, मागे बर्फाचे डोंगर. कारखान्यात मातीचे मोठाले रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, त्यांत द्राक्षरस मुरत ठेवलेला. आपल्याकडे मोहाचा सडवा, दारूसाठी आंबवलेली फुलं, असाच नाल्याकाठी पुरतात, पण तो पोलिसांच्या भीतीने. इथे लोक रांजणाशेजारी उभे राहून फोटो काढत होते. शकुंतलाबाईंना हे पाहून उगाचच राग आला. कोणाचा, ते त्यांनाही कळलं नाही.

पेले फिरले. मधुकररावांनी हातातला पेला तसाच टेबलावर ठेवला.

"घ्या ना. माह्या भेवानं काहून राहता?"

"मले नाई पायजे."

"आता नाई पायजे! मी नसती तं?"

"तरी नाई," एवढंच बोलून ते बाहेरचे वेल पाहू लागले.

मागच्या पडवीत तांब्याची भट्टी होती. द्राक्षाच्या चोथ्यापासून तिथे चाचा नावाची कडक दारू गाळत होते. तिचा वास आला आणि शकुंतलाबाईंनी नाकाला पदर लावला. थेट मोहाच्या पहिल्या धारेचा वास! धर्मेंद्रने मात्र फुकटची म्हणून ती अशी ढोसली की निघायच्या वेळी गडी वेलाखाली बसला तो उठेचना. राखी रडायला लागली. बाकीच्या पुरुषांना नेमकं तेव्हाच डोंगर बघायचं सुचलं.

मधुकरराव पुढे गेले. धर्मेंद्रचा हात त्यांनी आपल्या गळ्यात घेतला, दुसऱ्या हाताने त्याची कंबर धरली, त्याचं डोकं खांद्यावर टेकवून घेतलं. रुमालाने त्याचं तोंड पुसलं. रागाचा एक शब्द नाही. पाऊल पाऊल चालवत ते त्याच्याशी बोलत होते.

"चला मामाजी, हळू. खाली पाहा, दगड हाय. आलंच घर."

शकुंतलाबाई जागच्या जागी थांबल्या. धर्मेंद्र वयाने त्यांच्या लेकासारखा. आणि मामाजी तर सासऱ्याला म्हणतात. मधुकररावांना सासरा एकच होता.

हॉटेलात आल्यावर मधुकररावांनी सदरा काढला. बाईंनी तो सवयीने हुंगला. गळ्याशी काही नाही. वास होता तो उजव्या खांद्याला, धर्मेंद्रचं तोंड टेकलं होतं तिथे. बाजाराच्या दिवशीचा तो मोहाचा वासही खांद्यालाच यायचा, आणि बाबा गेले तेव्हाच तो बंद झाला होता. एवढं हुंगलं, पण खांद्यालाच का, हे कधी मनात आलं नाही.

"बाबाले तुमी नेऊन देत होते?"

मधुकरराव पलंगाच्या कडेवर बसले. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"बाजारात येत. मंग भट्टीकडे जात अन् तिकडंच पडून राहत. दुकान बंद केलं का मी फटफटीवर बसवून घरी सोडो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"त्याईनं शपथ घातली होती. म्हणत, शकूले नोको सांगू, तिले आणखी शरम वाटंल."

"अन् मी तुमाले बेवडा म्हणत राहिली."

"म्हटलं तं म्हटलं." मधुकररावांनी वाकून पायातले बूट काढले. "रस्त्यानं एकच विचारत. शकूनं आज काय रांधलं? मी सांगो. कधी वांगे, कधी लाखोरीची भाजी. आयकून गप बसत."

शकुंतलाबाईंनी सदरा तोंडाला लावला आणि मोठ्याने रडल्या. बापासाठी त्या पहिल्यांदाच रडत होत्या. तिरडीपुढेही त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं.

"दे, धुऊन टाकतो मी," मधुकरराव म्हणाले.

"राहू द्या."

परतताना मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबाने बॅग उघडायला लावली. कंपनीने भेट दिलेली बाटली त्याने पाहिली, बाजूला ठेवली. मग साड्यांच्या खालून गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी काढली, सोडली आणि नाक वर केलं.

"दारूचा वास येतोय. दुसरी बाटली फुटली का?"

"बाटली नाई जी. सदरा हाय."

"मग धुवून नाही का आणायचा? कोणाचा आहे?"

मधुकरराव ओशाळून पुढे झाले. शकुंतलाबाईंनी त्यांना हाताने मागे सारलं.

"माह्या बाबाचा हाय," त्या म्हणाल्या आणि पिशवीची गाठ पुन्हा घट्ट बांधली.