माझी खडखड बंद करू नका

मी एक जुना, खडखडणारा टेबल पंखा आहे. मित्रांनो, हसू नका. माझ्या आवाजाला हसणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मीही गुणी होतो. एका कचेरीत कारकुनांना वारा घालून घालून माझी जाळी सैल झाली, दांडा कोरडा पडला. तर साहेब म्हणाले, "हा पंखा आहे की पिठाची गिरणी? काढा त्याला!" ज्यांचा घाम वाळवला त्यांनीच मला अडगळीत टाकलं. तिथून मला मानसोपचार करणाऱ्या एका ताईंनी आणलं आणि आपल्या खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवलं, तेही भिंतीकडे तोंड करून.

दार पातळ होतं. आत मन खचलेल्या, मार खाल्लेल्या बायका बोलत. बाहेर बाकावर त्यांना घेऊन आलेले नवरे, सासवा, भाऊ बसत. आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी खडखडायचं, हीच माझी नोकरी. बाकावरच्या मंडळींचा मला मनस्वी संताप यायचा. हातात पेपर, पण सगळा जीव कानात!

त्यांतला एक वायरमन. त्याची बायको बेकरीत केकवर फुलं काढायची. उजव्या हाताचं बोट मोडल्यापासून ती कामावर जाईना, जेवेना, अंथरुणातून उठेना. "बोट दारात सापडलं हो. एवढ्याशा गोष्टीचं मनाला लावून घेतलंय," असं तो ज्याला त्याला सांगायचा. गोडबोल्या मेला! सुरुवातीला ती आत नुसती बसून राही. ताई म्हणत, "नाही बोलावंसं वाटत? मग बसू या अशाच." हळूहळू ती बोलू लागली आणि इकडे याची चुळबुळ सुरू झाली.

एके दिवशी ती आत गेली, तसा या पठ्ठ्यानं पिशवीतून पाना आणि तेलाची बुधली काढली. "ताईंना तेवढीच मदत," असं बाकावरच्या एका सासूबाईंना म्हणाला. माझी जाळी आवळली, दांड्यात तेल सोडलं. मी फिरू लागलो, पण आवाज म्हणून फुटेना.

"अगबाई, हाताला गुण आहे हो तुमच्या!" सासूबाई म्हणाल्या. "कान कसे निवांत झाले."

इतक्या वर्षांनी माझं कौतुक झालं आणि मला त्याची शिसारी आली.

आतून तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "बोट सापडलं नव्हतं, ताई. त्यानं दार लावलं आणि मी ओरडत असताना दाबून धरलं. रविवारी मी बहिणीकडे निघून जाणार आहे. त्याला कळलं तर संपलंच सगळं."

मी जीव तोडून फिरलो, पण साधं खुट्ट होईल तर शपथ! ताईंना पंख्याचा आवाज येईना, म्हणून त्यांनी दार उघडलं. समोर हा, हातात पाना. त्यांच्या मागे ती पांढरीफटक पडली.

"चल घरी," तो दात आवळून म्हणाला. "तिथं बोलू." ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

ती ताईंच्या मागूनच बोलली. "ऐकलंस ना? बरं झालं. आता रविवारची वाटच बघत नाही. ताई, बहिणीला फोन लावा."

"खोटारडी! कोण विश्वास ठेवणार तुझ्यावर?"

"विचार की या बाकावर," ती म्हणाली. "तू पंखा दुरुस्त केलास. सगळ्यांनीच ऐकलंय."

तो बाकाकडे वळला. एकाचीही मान त्याच्या बाजूनं हलली नाही. सासूबाई उठल्या, त्याची पिशवी जिन्याकडे ढकलली आणि म्हणाल्या, "नीघ." बहीण आली आणि तिला घेऊन गेली.

मित्रांनो, त्याच संध्याकाळी ताईंनी माझे स्क्रू पुन्हा ढिले केले. जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. पण एखादीनं आपलं दुःख सांगायला दार लावून घेतलं असेल, तर कृपा करा आणि तिथून लांब जाऊन बसा. सगळ्याच जणींना तिच्यासारखं उत्तर सुचत नाही.