व्हरांड्यातला बिल्ला

अणुवीज केंद्राच्या भोवतालच्या घरांवर किरणं मोजणारे बिल्ले टांगायचे आणि दर तीन महिन्यांनी बदलायचे, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला बिल्लेवालाच म्हणत. पाच वर्षांत एकही बिल्ला वाकडं बोलला नव्हता. आणि बोलला तो नेमका ताईच्या व्हरांड्यातला!

केंद्रामुळे साध्या माणसाच्या वाट्याला वर्षाला एक मिलिसिव्हर्ट किरणं, त्याच्या वर नाहीत, असा नियम. या बिल्ल्याने तीन महिन्यांतच ती रेघ ओलांडली होती. शेजारच्या घरांचे बिल्ले मात्र नेहमीसारखे. ताईला सातवा महिना. बिल्लेवाला तडक तिच्याकडे गेला.

“ताई, पिशवी भर. आजच्या आज आईकडे चल.”

“अरे, झालं काय? आणि मामंजींना कोण बघणार? आधीच फुगून बसलेत. मागच्या महिन्यात पंधरा दिवस व्हरांड्यात खाट टाकून राहिले. ताटसुद्धा वेगळं. मी जवळ गेले की वसकन अंगावर यायचे. मी त्यांचं काय घोडं मारलंय, देव जाणे!” बोलता बोलता तिला रडूच आलं.

बिल्लेवाल्याने बाहेर पाहिलं. खाट अजून तिथेच होती, बरोबर बिल्ल्याच्या खिळ्याखाली. तिच्यावर ताईचे सासरे बसले होते, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून. तो त्यांच्याशेजारी टेकला.

“काका, दवाखान्यात काही वेगळं औषध घेतलंत?”

म्हातारा आधी गुरकावला, मग खिळ्यावरच्या बिल्ल्याकडे बघत म्हणाला, “याने चुगली केली म्हणायची. गळ्यात गाठ होती. वाईट निघाली. गावाला जातो सांगून शहरात ती कापून घेतली. वर त्यांनी किरणांची गोळी दिली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस पोटुशी बाईच्या आसपास फिरकू नका. पोरीला खरं सांगितलं असतं तर रडत गळ्यातच पडली असती. म्हणून भांडण काढलं.” त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. “एवढंच सांग, तिच्यापर्यंत काही पोचलं नाही ना? जीव टांगणीला लागलाय रे.”

“तुम्ही लांब राहिलात ना, काका. सगळं या बिल्ल्यानेच झेललं.”

ताई दारात कधीची उभी होती. ती पुढे आली तसे ते सवयीने ओरडले, “लांब हो!”

“पंधरा दिवस कधीच सरले, मामंजी,” ती म्हणाली आणि खाटेवर त्यांना अगदी खेटून बसली.